नवजात बाळाच्या टाचेतून किती वाचायचं? तपासणी समित्यांना खुलं पत्र

नवजात बालकांच्या आणि वाहकांच्या (म्हणजे सदोष जनुक बाळगणाऱ्या पण स्वतः आजारी नसलेल्यांच्या) जनुकीय तपासणीचं धोरण ठरवणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या टेबलावर गेली काही वर्षं एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे: तपासणीच्या यादीत आणखी किती आजार घालायचे? प्रयोगशाळा सांगतात, आता रक्ताच्या दोन-चार थेंबांवरून अख्खा जीनोम, म्हणजे बाळाचा सगळा आनुवंशिक आराखडा, वाचता येतो. ज्यांचं मूल हातचं गेलं ते पालक पोटतिडकीने विचारतात, आमच्या आजाराचं नाव यादीत का नाही? यंत्रं आणि किट विकणाऱ्यांचं म्हणणं काय असणार ते सांगायला नको. ज्याच्या टाचेला सुई टोचायची त्याचं मत मात्र कुणीच विचारू शकत नाही. त्याला अजून मानही धरता येत नाही.

मी जनुकीय समुपदेशक आहे. तुम्ही यादीत एक ओळ वाढवलीत की काही महिन्यांनी त्या ओळीचा रिपोर्ट हातात धरून एखादं जोडपं माझ्यासमोर येऊन बसतं. तिथून जे दिसतं ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र.

मी तपासणीच्या विरोधात नाही, आणि विरोधकांच्या हाती आयतं कोलीत द्यायची माझी अजिबात इच्छा नाही. या तपासणीचा इतिहासच मुळात एका आईच्या चिकाटीचा आहे. नॉर्वेतल्या त्या बाईने आपल्या दोन्ही मुलांच्या लघवीला येणाऱ्या कुबट वासाचा माग सोडला नाही, म्हणून १९३४ मध्ये डॉक्टर आस्ब्यर्न फ्योलिंग यांना फिनाइलकीटोन्युरिया हा मेंदूचं नुकसान करणारा आनुवंशिक आजार ओळखता आला. तिच्या मुलांसाठी फार उशीर झालेला होता. पुढे १९५०च्या दशकात होर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की आहारातलं फिनाइलॲलनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी केलं तर मेंदूचं नुकसान रोखता येईल. पण त्यासाठी तो आहार अगदी लवकर सुरू व्हायला हवा, आणि जन्मतः तर बाळ धडधाकट दिसतं. ही गाठ रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवली, जाड गाळणकागदावर टिपलेल्या रक्ताच्या ठिपक्याने. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने सक्तीची केली. तेव्हापासून किती मुलं शिकली-सवरली, संसाराला लागली, याचं मोल मला कुणी समजावून सांगायला नको.

ते टोचणं मी पुष्कळदा जवळून पाहिलं आहे. आधी पाऊल ऊबदार करतात. टाचेच्या मधोमध टोचत नाहीत, तिथे हाड जवळ असतं, कडेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात. दुसरा चांगला मोठा होऊ देतात आणि कागदावरच्या छापील वर्तुळाला हलकेच टेकवतात. रक्त कागदाच्या पाठीपर्यंत झिरपलं की पुढचं वर्तुळ. मग कागद आडवा ठेवून काही तास वाळवायचा. बाळ मिनिटभर आकांत करतं आणि आईच्या अंगाशी गेलं की गप्प होतं. कागदाचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

सर्वांत यशस्वी ठरलेल्या या कार्यक्रमालाही सुरुवातीला एक काळी कडा होती, ती फारशी कुणी सांगत नाही. रक्तात फिनाइलॲलनिन थोडं जास्त आहे पण आजार नाही, अशीही बाळं सापडू लागली. तो फरक तेव्हा नीट कळत नव्हता. काही निरोगी मुलांना तो कडक आहार दिला गेला, आणि वाढत्या वयात जे मिळायला हवं तेच न मिळाल्याने काहींचं नुकसान झालं. तपासणी चांगली होती, औषध चांगलं होतं, आणि तरी असं घडलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांचे दहा निकष प्रसिद्ध केले ते याच सुमारास. आजाराची वाटचाल पुरेशी समजलेली आहे का, सर्वमान्य उपचार आहे का, उपचार कुणावर करायचे हे ठरलेलं आहे का, निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी आहे का? तुम्ही सगळे हे निकष तोंडपाठ म्हणून दाखवाल. माझी तक्रार एवढीच, की नव्या चाचणीची चर्चा रंगात आली की ते प्रस्तावनेत जातात आणि तिथेच राहतात.

जपानचं उदाहरण घ्या. तिथे १९८४ पासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग शोधला जाऊ लागला. गाठी सापडू लागल्या, शस्त्रक्रिया झाल्या, मुलं बरी झाली. आकडे पाहून कुणालाही वाटावं, बाजी मारली. पण क्यूबेक आणि जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासांचे निकाल २००२ मध्ये आले, तेव्हा दिसलं की एवढ्या शोधाशोधीने मृत्यू कमी होतच नाहीत. ज्या गाठी सापडत होत्या त्यांतल्या बऱ्याचशा आपोआप जिरून गेल्या असत्या. जीव घेणाऱ्या गाठी या तपासणीत सापडतच नव्हत्या. २००४ मध्ये जपानने कार्यक्रम थांबवला. सुरू झालेली गोष्ट, तीही मुलांच्या कर्करोगाच्या नावाने सुरू झालेली, बंद करायला छाती लागते. तुमच्यापैकी किती समित्यांनी आजवर यादीतून एखादं नाव काढलं आहे?

आता माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांविषयी. ज्या बाळाला आजार आहे हे नक्की झालं, त्याच्या आईवडिलांना धक्का बसतो, पण पुढे रस्ता असतो. ज्याला नाही हे नक्की झालं ते घरी जातात आणि यथावकाश विसरतात, निदान बहुतेक जण. अडकतात ते मधले. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आजाराच्या तपासणीत काही बाळं अशी निघतात की घामाची चाचणी ना इकडची ना तिकडची, आणि जनुकात दोन बदल दिसतात पण त्यांतल्या एकाचा अर्थ कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनी या अवस्थेला लांबलचक नाव दिलं आहे. नाव दिलं म्हणजे उत्तर दिलं असं नाही. या आजारात त्वचा खारट लागते, हे त्या आईने कुठेतरी वाचलेलं असतं. मग ती दिवसातून कितीदा तरी बाळाचा पापा घेते आणि ओठ चाटून बघते. बाळ खेळतंय, वजन वाढतंय, सगळं उत्तम चाललंय, आणि ही ओठ चाटते आहे. तुमच्या अहवालात हे बाळ ‘पुढील निरीक्षणाखाली’ या रकान्यात असतं. त्या रकान्याची मुदत किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

न्यूयॉर्क राज्याने २००६ मध्ये क्राबे रोगाची, म्हणजे मज्जासंस्था निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी सुरू केली तेव्हाही हेच झालं. पॉझिटिव्ह आलेल्या बाळांपैकी अगदी थोड्यांना तान्हेपणीचा घातक आजार होता. बाकीच्यांना तो कधी होणार, होणार की नाही, हे सांगता येत नव्हतं. आणि उपचार काय, तर दुसऱ्याच्या मूलपेशींचं रोपण, ज्यात जिवालाच धोका.

एका आजाराच्या तपासणीत हे होतं, तर अख्खा जीनोम उलगडल्यावर काय होईल? ही दूरची गोष्ट राहिलेली नाही. इंग्लंडमध्ये एक लाख नवजात बालकांच्या जीनोमचा अभ्यास चालू आहे, दोनशेहून अधिक विकारांसाठी. त्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली: बालपणीच उपचार करता येतील असेच विकार यादीत घेतले, आणि मूल सोळा वर्षांचं झालं की त्याची माहिती ठेवायची की नाही हे त्यालाच विचारायचं ठरवलं. न्यूयॉर्कमधल्या अशाच एका अभ्यासाचे पहिल्या चार हजार बाळांचे निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे विचारलेल्या पालकांपैकी ७२ टक्क्यांनी होकार दिला. वर्तमानपत्रांनी हा आकडा उत्साहाने छापला. माझं लक्ष उरलेल्यांकडे गेलं. विचारलं तर चारातला एक जण हो म्हणत नाही. न विचारताच टोचलं तर ही माणसं कुठल्याच आकड्यात दिसणार नाहीत.

मोठेपणी होणाऱ्या आजारांबाबत तर मी जराही मागे हटणार नाही. मेंदू हळूहळू निकामी करणाऱ्या हंटिंग्टन रोगाचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्याआधी धोका असलेल्या कुटुंबांतले बहुसंख्य लोक सांगत होते, चाचणी आली की आम्ही नक्की करून घेऊ. चाचणी आली, आणि बहुतेकांनी ती करून घेतली नाही. सज्ञान, विचारी माणसं, दारात उभी राहून परत फिरली. त्यांना तो हक्क होता. तोच हक्क त्यांच्या बाळाच्या बाबतीत आपण जन्माच्या दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचा?

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. बोस्टनमधल्या बेबीसेक प्रकल्पात १५९ बाळांचा जनुकक्रम वाचला. त्यांत १५ बाळांमध्ये बालपणी उद्भवू शकणाऱ्या आजाराचा धोका सापडला. शिवाय एका बाळात बीआरसीए-२ या जनुकातला, म्हणजे मोठेपणी कर्करोगाचा धोका वाढवणारा बदल मिळाला. संशोधकांनी आधी ठरवलेला नियम बदलला आणि तो पालकांना सांगितला, कारण आई किंवा वडिलांतही तो असणार आणि त्यांचा जीव वाचू शकतो. युक्तिवाद भक्कम आहे. आई जगली तर बाळाचंच भलं, हे कोण नाकारेल? पण मग आईलाच विचारा ना! तिला चाचणी देऊ करा, समजावून सांगा, तिचं रक्त घ्या. ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. बाळाच्या टाचेतून आईचं भविष्य वाचणं ही दोघांच्याही संमतीला मारलेली बगल आहे.

वाहकांकडे येते. माझा निम्मा दिवस ‘तुम्ही वाहक आहात, आजारी नाही’ हे सांगण्यात जातो. दोन्ही पालक एकाच सुप्त जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात आजारी बाळाची शक्यता २५ टक्के, वाहक बाळाची ५० टक्के. गणित कागदावर दोन मिनिटांत समजतं. मनात उतरायला वेळ लागतो, आणि काही समाजांमध्ये ते कधी उतरतच नाही.

१९७०च्या दशकात अमेरिकेत सिकलसेलचं काय झालं ते प्रत्येक नव्या सदस्याला वाचायला द्यायला हवं. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचं दाखवलं. त्याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये लिहिलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. एवढा मोठा वैज्ञानिक, आणि त्याला यात काही वावगं वाटलं नाही! काही राज्यांनी कृष्णवर्णीय शाळकरी मुलांची किंवा लग्नाचा परवाना मागणाऱ्यांची तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांत घोळ घातला गेला. निरोगी वाहकांना विमा आणि नोकरी मिळताना अडचणी आल्या. हवाई दलाच्या अकादमीचं दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होतं. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने तपासणी स्वेच्छेची असावी असं म्हटलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आणि या सगळ्या काळात तपासणीत रुग्ण निघालेल्या बाळाला द्यायला वेगळं असं काही हातात नव्हतं. १९८६ मध्ये सिद्ध झालं की रोज पेनिसिलिन दिलं तर लहान मुलांमधले जीवघेणे संसर्ग प्रचंड कमी होतात. आजार तोच, रक्त तेच. पण आता सुई टोचायला कारण होतं.

ग्रीसमधल्या ओर्कोमेनोस या भागातही साधारण त्याच काळात सिकलसेलच्या वाहकांची तपासणी झाली, तीही चांगल्या हेतूने, समुपदेशनासह. वाहकांवर शिक्का बसला. लग्न जमवताना लोक रिपोर्ट लपवू लागले. सायप्रसमध्ये मात्र थॅलेसेमियाबाबत वेगळं घडलं. तिथे साधारण दर सातांत एक जण वाहक. लग्नाआधी चर्च दाखला मागतं, पण तो फक्त तपासणी आणि समुपदेशन झाल्याचा. निकाल काहीही असला तरी लग्न अडत नाही. आजारी बाळांचे जन्म जवळपास थांबले. हा दाखला सक्तीचाच आहे आणि त्यामुळे मला तो पूर्णपणे पचत नाही. तरी एक मान्य करावं लागतं: जिथे घरोघरी वाहक आहेत आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे, तिथे बोट कुणाकडे दाखवणार?

दोर येशोरिम या ज्यू संस्थेची वाट तिसरीच. टे-सॅक्स या लहानपणीच जीव घेणाऱ्या आनुवंशिक रोगाने चार मुलं गमावलेल्या एका रब्बींनी ती १९८३ मध्ये सुरू केली. तरुणांचं रक्त तपासतात पण निकाल देतात फक्त जोडीचा. दोघांचे क्रमांक कळवायचे. जुळतं की नाही एवढंच उत्तर मिळतं. कोण कशाचा वाहक हे ज्याचं त्यालाही कळत नाही. काही सहकाऱ्यांना हे माहितीच्या हक्काचं उल्लंघन वाटतं. मला ते फार चतुर वाटतं, कारण शिक्का बसायला जागाच ठेवलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या प्रकल्पातही नऊ हजारांहून अधिक जोडप्यांना निकाल जोडीनेच दिला गेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार त्यांतल्या १.९ टक्के जोडप्यांना आजारी बाळ होण्याची शक्यता जास्त होती. तिथे हजाराहून अधिक जनुकं तपासली. प्रत्येकाला त्याची सुटी यादी दिली असती तर जवळजवळ प्रत्येक जण कशाचा ना कशाचा वाहक म्हणून घरी गेला असता.

तरीही यादीत काय असावं हा प्रश्न उरतोच. जन्मतः बहिरेपणा आणणारं जीजेबी-२ हे जनुक वाहकांच्या अनेक चाचणी-याद्यांमध्ये असतं. काही बहिरी माणसं विचारतात, आमचं आयुष्य टाळण्याजोगं आहे हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत? माझ्याकडे यावर पक्कं उत्तर नाही. पण टे-सॅक्स आणि बहिरेपणा एकाच रकान्यात, एकाच टायपात छापू नयेत, एवढं नक्की.

आणि नवजात बाळाच्या तपासणीत सहज कळून येणारं वाहकत्व? बाळाला त्याचा वीस-पंचवीस वर्षं काही उपयोग नाही. घरात मात्र त्याच संध्याकाळी प्रश्न उठतो: ‘हे आलं कुणाकडून?’ मग दोघांची चाचणी होते, आणि क्वचित दोघांतही ते जनुक सापडत नाही. त्या क्षणी माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे मी बघत नाही. पितृत्वाचा प्रश्न असा उघड्यावर येऊ शकतो, हे तुमच्या संमतिपत्रकात सुई टोचायच्या आधी लिहिलेलं हवं. पुढच्या गर्भारपणासाठी माहिती हवी असेल तर ती आईवडिलांच्या स्वतःच्या चाचणीतून, त्यांना हवी असेल तेव्हा मिळायला हवी.

आता त्या वाळलेल्या कागदाकडे. स्वीडनमध्ये १९७५ पासूनचे हे कागद जपून ठेवले आहेत. २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री आना लिंड यांचा खून झाला तेव्हा पोलिसांनी संशयिताचा नमुना या संग्रहातून मिळवला. पुढच्याच वर्षीच्या त्सुनामीनंतर मृतांची ओळख पटवायला हाच संग्रह कामी आला.  पण टेक्सासमध्ये पालकांना न विचारता कागद साठवले, संशोधनाला दिले आणि काहीशे नमुने लष्कराच्या प्रयोगशाळेकडेही गेले, असं उघड झालं. २००९ च्या दाव्यानंतर पन्नास लाखांहून अधिक कागद नष्ट करावे लागले. संशोधनासाठी ते सोन्यासारखे होते. आधी विचारलं असतं तर बहुतेकांनी आनंदाने दिले असते. न्यूजर्सीत २०२२ च्या एका दाव्यातून कळलं की पोलिसांनी एका मुलाच्या जन्मावेळचा ठिपका मागवून त्याच्या बापाला १९९६ च्या गुन्ह्याशी जोडलं. गुन्हा गंभीर असेल. पण ते रक्त आजार शोधायला म्हणून घेतलं होतं. हे ऐकलेली पुढची आई टाच पुढे करेल का?

विम्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेचा २००८ चा कायदा आरोग्य विमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला मनाई करतो, आयुर्विमा मात्र त्यातून सुटलेला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्य विम्यातून ‘जनुकीय विकार’ सरसकट वगळणारी अट भेदभावाची ठरवली. जिथे असं संरक्षण नाही तिथे रिपोर्ट देणं म्हणजे माणसाला उघड्यावर सोडणं. शिवाय जगातले जनुकीय संदर्भसाठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले आहेत, त्यामुळे इतरांच्या रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ हा शेरा जास्त वेळा येतो. ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्यालाच जास्त घोर.

माझं मागणं फार नाही. बाळाच्या वयात फक्त बालपणी उपयोगी पडेल तेच शोधा. बाकीचं त्याचं त्याला मोठेपणी ठरवू द्या. ठिपका साठवायचा, तर तपासणीच्या होकारापासून वेगळी संमती घ्या, आणि पोलिसांना तो कधी मिळेल हे कायद्यात लिहून घ्या. वाहकांची तपासणी ऐच्छिक ठेवा, आधी समुपदेशन आणि निकाल जोडीने. संमती घ्यायची वेळ गर्भारपणातली असू द्या. बाळंतीण कळांतून उठलेली असताना पुढे केलेल्या कागदावर ती सही करते, संमती देत नाही. आणि नवा आजार यादीत घालताना त्याच ठरावात लिहा, की मधल्या रकान्यात अडकलेल्या बाळांना कोण बघणार, किती वर्षं, आणि तो खर्च कुणाचा.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ‘यादीत वाढ’ या विषयाच्या आधी ‘यादीतून वगळणे’ हा विषय घ्यावा, आणि त्या चर्चेला वाहक म्हणून जगणारी दोन-चार प्रौढ माणसं आणि तपासणीत सापडून वाढलेला एखादा तरुण रुग्ण यांना मत देण्याच्या अधिकारासह बोलवावं, ही विनंती. यावर आपलं लेखी उत्तर मिळावं.

आपली,
एक जनुकीय समुपदेशक